वैशाखात पाहावी गच्ची

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घराचे कवेलू फेरून घेण्याची वर्धा जिल्ह्यातील रीत जुनी आहे. वैशाखाच्या उन्हात जाणता माणूस छपरावर चढे, फुटलेली कवेलू काढी, सरकलेली नीट बसवी, माकडांनी केलेला विस्कोट निस्तरी आणि कुजलेल्या कामट्या बदलूनच खाली उतरे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या कापसाच्या पेठांतील व्यापाऱ्यांची घरेही या वार्षिक शुश्रूषेला अपवाद नव्हती. पुढे कवेलूंच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आणि छपराकडे दरवर्षी पाहावे लागते, हा विचारच घराघरांतून नाहीसा झाला. स्लॅब म्हणजे कायमचा बंदोबस्त, अशी समजूत रूढ झाली. ती चुकीची आहे, हे बहुतेकांना श्रावणात कळते.

याच जिल्ह्यात एक उलट उदाहरण उभे आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील आदी निवास आणि मूळची मीराबेन यांची असलेली बापू कुटी ही घरे माती, बांबू व कवेलू यांचीच आहेत. माती हा पाण्यात विरघळणारा पदार्थ; तरीही या वास्तू आजवर टिकल्या. त्यांचे छप्पर उतरते आहे, ते भिंतीच्या बरेच पुढे आले आहे, आणि त्यांची निगा कधी थांबलेली नाही. पाणी अडवण्यापेक्षा त्याला लवकर वाट करून द्यावी, हे मातीच्या घराचे शास्त्र. सिमेंटच्या गच्चीलाही तेच लागू पडते.

व्यापारी मनाला आकडे पटतात. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर, म्हणजे मध्यम घरावर, त्या हिशेबाने एका मोसमात सुमारे एक लाख लिटर पाणी उतरते. हे सारे दोन-तीन नळांतून निघून जायचे असते. एखाद्या नळाच्या तोंडाशी पिंपळाची पाने आणि पतंगाची कागदे अडकली, की गच्चीचे तळे होते. गच्चीला शंभरास एक, म्हणजे दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर इतका तरी उतार हवा. पुष्कळ घरांत तो बांधतानाच राहून गेलेला असतो, किंवा मागाहून बसवलेल्या टाकीच्या ओट्याने मोडलेला असतो.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि गच्चीचा पृष्ठभाग त्याहून अधिक तापतो. तापमानात तीस अंशांचा फरक पडला, की दहा मीटर लांबीचा स्लॅब सुमारे तीन मिलिमीटर वाढतो किंवा आकसतो. कठडा व स्लॅब यांच्या सांध्यात केसासारखी भेग पडते ती यामुळे. त्यात भर काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाच्या भिंतींना तिरक्या चिरा पाडते. भेगेतून शिरलेले पाणी लोखंडी सळीपर्यंत पोचले, की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून छताचा गिलावा आतून सुटून खाली पडतो. हिशेबाच्या वहीत इमारतीचा घसारा दरसाल बिनचूक लिहिला जातो. मात्र ज्या गच्चीमुळे तो घसारा होतो, तिच्यासाठी एक रुपयाही राखून ठेवला जात नाही, हे नवल आहे. खाली दुकान व वर घर अशा वास्तूत तर गळती आधी गोदामातील मालाला, वह्यांना आणि भिंतीतल्या विजेच्या तारांना गाठते. ओल आलेल्या भिंतीतील विजेचा प्रवाह प्रथम बंद करावा, बाकीचे नंतर.

जैन घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. पाणी साचलेल्या गच्चीवर हिरवी लील धरते, आणि लील ही अनंतकाय. चातुर्मासात तिच्यावर पाय पडू नये म्हणून श्रावक जपतात, काही घरी गच्चीचे दारच बंद ठेवले जाते. मग ऐन पावसात गळती सुरू झाली की पेच पडतो: वर जावे तर विराधना, न जावे तर घर भिजते. कोणी घाबरून ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी मजुराला तारेचा ब्रश देऊन आपण खाली थांबतो. यतना अशी ऐनवेळी साधत नाही. ती लील उगवण्यापूर्वीच करायची असते. उतार नीट, पृष्ठभाग गुळगुळीत आणि नळ मोकळे असतील, तर पाणी ठरत नाही आणि लीलही सहसा धरत नाही. पावसापूर्वी दिलेला चुन्याचा हातही तिला बराच काळ दूर ठेवतो आणि गच्चीचा ताप कमी करतो.

म्हणून अक्षय्य तृतीयेला, वर्षीतपाच्या पारण्यांची धामधूम आटोपली, की घरच्या कर्त्याने कोरड्या गच्चीवर एक फेरी मारावी. सकाळच्या तिरप्या उन्हात भेगा स्पष्ट दिसतात. कठड्याच्या कडेचा गोल वाटा कुठे सुटला आहे, नळाच्या तोंडाभोवती सिमेंट उखडले आहे काय, हे आधी पाहावे. खाली जेथे थेंब पडतो, त्याच्या नेमक्या वर भेग असेलच असे नाही. पाणी स्लॅबमधून आडवे सरकत जाऊन भलतीकडे बाहेर पडते. भेग थोडी रुंद करून, धूळ काढून, ताणली तरी न तुटणाऱ्या लवचीक मसाल्याने भरावी. नुसते सिमेंट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चिरते.

जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दहा सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो सुमारे वीस टनांचा बोजा होतो. अभियंत्याला विचारल्याशिवाय हे करू नये. आतल्या भिंतीला महाग ओलरोधक रंग लावण्याने तर ओल केवळ झाकली जाते. वर्षभरात पोपडे सुटतात आणि पांढरा खार बाहेर येतो.

भिंतीची ओल बाहेरून येते की खोलीतल्या कोंदट हवेची आहे, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूस जमले तर दोष भिंतीत. खोलीकडच्या बाजूस जमले तर खिडकी उघडणे पुरेसे.

दुरुस्ती झाल्यावर कारागीर गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून परीक्षा घेतात. इंचभर पाणी म्हटले तरी शंभर चौरस मीटरला अडीच हजार लिटर लागते. टंचाईच्या मे महिन्यात, आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबात अप्काय जीव मानणाऱ्या घरात, हे पटणारे नाही. त्याऐवजी शंका असलेल्या कोपऱ्यापुरताच मातीचा लहान बांध घालावा आणि तपासणीनंतरचे पाणी झाडांना द्यावे. उतार पाहायचा तर नळापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात एक बादली ओतली तरी पुरते. ते पाणी जेथे थांबेल, तेथे खडूने खूण करून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला तेवढीच जागा दाखवावी.