युनिव्हर्सिटी चषक

युनिव्हर्सिटी चषक हा कॅनडामधील विद्यापीठांच्या पुरुष आइस हॉकी संघांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विजेत्या संघाला दिला जाणारा फिरता चषक आहे. स्पर्धेचे आयोजन यू स्पोर्ट्स ही कॅनडातील विद्यापीठीय क्रीडांची शिखर संस्था करते. माजी गव्हर्नर जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांच्या सन्मानार्थ त्याला डेव्हिड जॉन्स्टन युनिव्हर्सिटी चषक असेही नाव देण्यात आले आहे. भारतात 'हॉकी' म्हटले की मैदानी हॉकी अभिप्रेत असते. कॅनडात मात्र हाच शब्द बर्फावरील खेळासाठी रूढ असून या लेखातही तो त्याच अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

कॅनडात संघटित हॉकीची सुरुवात विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने झाली. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियालच्या व्हिक्टोरिया रिंकमध्ये बंदिस्त जागेतील पहिला नोंदवलेला सामना खेळला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी मॅकगिल विद्यापीठात हॉकी क्लब स्थापन झाला. ऑन्टारियो प्रांतातील किंग्स्टन शहरात १८८६ साली क्वीन्स विद्यापीठ आणि रॉयल मिलिटरी कॉलेज यांच्यात सामना झाला व क्वीन्सने तो १-० असा जिंकला. या दोन संस्थांमधील चुरस आजही टिकून आहे.

खेळ इतका जुना असूनही विद्यापीठांचा राष्ट्रीय विजेता ठरवण्याची व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हती. देशाचा विस्तार हे त्याचे मुख्य कारण होते. पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया आणि अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांत यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांच्या संघांना असा प्रवास परवडणारा नव्हता. त्यामुळे प्रत्येक विभागात स्वतंत्र स्पर्धा भरत. ऑन्टारियो व क्वेबेकमधील विद्यापीठे क्वीन्स चषकासाठी खेळत. १९०६ मध्ये स्थापन झालेली कॅनडियन इंटरकॉलेजिएट अॅथलेटिक युनियन (सीआयएयू) हीसुद्धा प्रत्यक्षात मध्य कॅनडापुरतीच मर्यादित होती आणि १९५५ मध्ये ती विसर्जित झाली. १९६१ मध्ये तिची पुनर्रचना झाली तेव्हा प्रथमच सर्व प्रांतांतील विद्यापीठे एका छत्राखाली आली. हीच संस्था पुढे २००१ पासून कॅनडियन इंटरयुनिव्हर्सिटी स्पोर्ट आणि २०१६ पासून यू स्पोर्ट्स या नावाने ओळखली जाऊ लागली.

चषकाची स्थापना

नव्या संघटनेच्या राष्ट्रीय हॉकी स्पर्धेसाठी क्वीन्स विद्यापीठ आणि रॉयल मिलिटरी कॉलेज यांनी १९६२ साली संयुक्तपणे हा चषक अर्पण केला. आंतरमहाविद्यालयीन हॉकीच्या उभारणीत या दोन संस्थांनी व किंग्स्टन शहराने केलेल्या कार्याचे ते स्मारक होते. स्पर्धा प्रत्यक्षात आणण्यात रॉयल मिलिटरी कॉलेजचे मेजर डॅनी मॅक्लिओड यांचा मोठा वाटा होता. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाने आहे.

पहिली स्पर्धा १९६३ मध्ये किंग्स्टन येथेच झाली. मॅकमास्टर विद्यापीठाने ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा ३-२ असा पराभव करून चषकावर पहिले नाव कोरले. ज्यांनी चषक दिला त्या दोन्ही संस्थांना मात्र २०२४ पर्यंत तो एकदाही जिंकता आलेला नाही.

टोराँटो आणि अल्बर्टा (१९६४–१९८०)

पहिल्या दोन दशकांवर टोराँटो आणि अल्बर्टा या दोन विद्यापीठांची छाप आहे. टॉम वॉट यांच्या प्रशिक्षणाखाली टोराँटोच्या संघाने १९६६ ते १९७७ या काळात नऊ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी १९६९ ते १९७३ ही पाच सलग होती. सलग पाच विजेतेपदांची बरोबरी त्यानंतर कोणालाही करता आलेली नाही.

अल्बर्टाच्या संघाचे प्रशिक्षक क्लेअर ड्रेक हे कॅनडातील विद्यापीठीय हॉकीतील सर्वांत प्रभावी व्यक्तिमत्त्व मानले जातात. १९६७ च्या हंगामात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. त्या संघाने व्हॅनिअर चषक जिंकला आणि पुढच्या काही महिन्यांतच, १९६८ मध्ये, ड्रेक यांच्या हॉकी संघाने युनिव्हर्सिटी चषक मिळवला. एकाच हंगामात दोन खेळांची राष्ट्रीय विजेतेपदे एकाच प्रशिक्षकाकडे जाण्याचे हे एकमेव उदाहरण आहे. ड्रेक यांनी एकूण सहा वेळा हा चषक जिंकला. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकसाठी कॅनडाच्या संघाचे प्रशिक्षण ड्रेक, वॉट आणि लॉर्न डेव्हिस या तिघांकडे सोपवण्यात आले, म्हणजे चषकाचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी एकाच बाकावर बसले. त्या हंगामात अल्बर्टाला बिल मूर्स यांनी विजेतेपद मिळवून दिले. ते संघाचे सलग तिसरे विजेतेपद होते. २०१७ मध्ये ड्रेक यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

त्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार रँडी ग्रेग हे अल्बर्टाच्या १९७८ व १९७९ च्या विजेत्या संघांतील खेळाडू होते. वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर ते एडमंटन ऑइलर्सकडून व्यावसायिक हॉकी खेळले आणि पाच वेळा स्टॅन्ली चषकाचे मानकरी ठरले.

सत्तेचे विकेंद्रीकरण

१९८१ मध्ये न्यू ब्रुन्सविक प्रांतातील फ्रेंचभाषक मॉन्क्टन विद्यापीठाने चषक जिंकला. अटलांटिक विभागाचे हे पहिले विजेतेपद होते, आणि फ्रेंच माध्यमाच्या विद्यापीठाचेही. मॉन्क्टनने पुढच्या वर्षी ते राखले. क्वेबेकमधील त्रुआ-रिव्हियेर विद्यापीठ १९८७ मध्ये या मालिकेत सामील झाले. १९८१ ते १९९८ या अठरा वर्षांत दहा वेगवेगळी विद्यापीठे विजयी झाली. चषकाच्या इतिहासातील हा सर्वांत खुला कालखंड म्हणावा लागेल.

याच काळात ही स्पर्धा व्यावसायिक हॉकीच्या प्रशिक्षकांची पाठशाळा ठरली. मॉन्क्टनचे प्रशिक्षक जाँ पेरों यांनी १९८६ मध्ये माँट्रियाल कॅनडियन्सला स्टॅन्ली चषक मिळवून दिला. सस्कॅचेवनच्या १९८३ च्या विजेत्या संघाचे डेव्ह किंग पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. टोराँटोच्या १९८४ च्या संघाचे माइक कीनन यांनी १९९४ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्ससह स्टॅन्ली चषक जिंकला, तर त्याच १९९४ साली लेथब्रिज विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारे माइक बॅबकॉक यांनी नंतर डेट्रॉइट रेड विंग्जसह स्टॅन्ली चषक आणि कॅनडासह दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली.

न्यू ब्रुन्सविकचा उदय

१९९८ पासून चित्र पुन्हा बदलले. त्या वर्षी न्यू ब्रुन्सविक विद्यापीठाने पहिला चषक जिंकला आणि २०२४ पर्यंत आपली संख्या दहावर नेली. त्यांतील नऊ विजेतेपदे गार्डिनर मॅकडुगल यांच्या प्रशिक्षणाखाली आली. याच काळात अल्बर्टाने आठ विजेतेपदे मिळवली. २००८, २०१५, २०१९ आणि २०२३ चे अंतिम सामने या दोन संघांतच झाले व प्रत्येकाने दोन-दोन जिंकले.

या वर्चस्वाला मोजकेच अपवाद आहेत. त्यांपैकी २०१२ चा विशेष उल्लेखनीय आहे. हॉकीच्या जन्मकथेशी निगडित असलेल्या मॅकगिल विद्यापीठाने त्या वर्षी वेस्टर्न विद्यापीठाला अतिरिक्त वेळेत ४-३ असे हरवून आपला पहिला युनिव्हर्सिटी चषक मिळवला. क्लबच्या स्थापनेला तेव्हा १३५ वर्षे झाली होती.

२०२० ची हॅलिफॅक्स येथील स्पर्धा सुरू झाल्यानंतर कोविड-१९ साथीमुळे रद्द करावी लागली आणि २०२१ ची भरलीच नाही. २०२२ मध्ये त्रुआ-रिव्हियेरने अल्बर्टाला ५-४ असे पराभूत केले. २०२४ मध्ये न्यू ब्रुन्सविकने हंगामातील सर्वच्या सर्व ४३ सामने जिंकले व अंतिम सामन्यात त्रुआ-रिव्हियेरवर ४-० अशी मात केली.

सर्वाधिक विजेतेपदे (२०२४ पर्यंत)

अल्बर्टा – १६
टोराँटो – १०
न्यू ब्रुन्सविक – १०
त्रुआ-रिव्हियेर – ५
मॉन्क्टन – ४
यॉर्क – ३

टोराँटोचे शेवटचे विजेतेपद १९८४ चे आहे.

स्पर्धेचे स्वरूप

कॅनडा वेस्ट, ऑन्टारियो आणि अटलांटिक या तीन विभागांतील संघ स्पर्धेसाठी पात्र ठरतात. क्वेबेकमधील संघ ऑन्टारियो विभागातच खेळतात. यजमान विद्यापीठाला थेट प्रवेश असतो. २०१५ पासून आठ संघांची बाद पद्धत आहे. एक पराभव होताच विजेतेपदाची आशा संपते. त्यामुळे हंगामभर अव्वल राहिलेले संघही पहिल्याच दिवशी बाहेर पडू शकतात. महिलांसाठी १९९८ पासून स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा असून तिच्या पहिल्या विजेतेपदाचा मान काँकॉर्डिया विद्यापीठाला मिळाला.

खेळाडू आणि पात्रतेचा प्रश्न

युनिव्हर्सिटी चषकात खेळणारे बहुतेक खेळाडू कॅनडियन हॉकी लीगमधून, म्हणजे मेजर ज्युनिअर स्तरावरून येतात. तेथे खेळलेल्या प्रत्येक हंगामाच्या मोबदल्यात खेळाडूला एका वर्षाचा शिक्षणखर्च मिळतो. व्यावसायिक करार न मिळालेला खेळाडू विसाव्या-एकविसाव्या वर्षी तो खर्च घेऊन विद्यापीठात दाखल होतो. साहजिकच हे संघ अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांपेक्षा वयाने मोठे आणि शरीराने दणकट असतात. काही खेळाडू येथूनही नॅशनल हॉकी लीग गाठतात. अल्बर्टाच्या २००८ च्या विजेत्या संघातील डेरेक रायन यांना ती संधी वयाच्या २९ व्या वर्षी मिळाली.

या व्यवस्थेमागे अमेरिकेतील एक नियम होता. तेथील एनसीएए ही संघटना मेजर ज्युनिअर खेळाडूंना व्यावसायिक समजून अपात्र ठरवत असे. त्यामुळे शिक्षण आणि हॉकी दोन्ही हवे असलेल्या अशा खेळाडूला कॅनडातील विद्यापीठे हाच प्रमुख मार्ग उरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने हा निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील विद्यापीठे पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात व त्यांच्याकडील सुविधाही अधिक आहेत. युनिव्हर्सिटी चषकाच्या संघांना आजवर जवळजवळ स्पर्धेविना मिळणाऱ्या खेळाडूंसाठी आता सीमेपलीकडील विद्यापीठांशी चढाओढ करावी लागते.