मोबाईलनें किती मोठ्यानें बोलावें?

नेऱ्याहून माथेरानच्या डोंगराकडे जातांना मोबाईलच्या पडद्यावरील रेघा कमी झाल्या, कीं बॅटरी भराभर उतरूं लागते, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. दोष बहुधा बॅटरीचा नसतो. मनोऱ्यापर्यंत आपला शब्द पोंचावा म्हणून मोबाईल त्या वेळीं अधिक मोठ्यानें बोलत असतो.

मोबाईल म्हणजे एक लहानसें रेडिओ-केंद्रच होय. मोकळ्या मैदानांतही मनोऱ्याचें अंतर दुप्पट झालें, तर तेथें पोंचणारी लहरींची शक्ति चतुर्थांश उरते. मध्यें डोंगर अथवा सिमेंटची भिंत आली म्हणजे ती याहूनही पुष्कळ घटते. मग प्रत्येक मोबाईलनें सदैव पूर्ण जोर कां लावूं नये?

अशी कल्पना करा कीं, वर्गांत चाळीस मुलें एकाच वेळीं निरनिराळ्या भाषांत कविता म्हणत आहेत, आणि गुरुजींना प्रत्येकाची कविता ऐकावयाची आहे. पुढच्या बांकावरचा मुलगा ओरडूं लागला, तर मागच्याचा शब्द त्यांच्या कानीं पडणार नाहीं. म्हणून गुरुजी एकास 'हळू' व दुसऱ्यास 'मोठ्यानें' अशा खुणा करतात. थ्रीजी म्हणजे तिसऱ्या पिढीच्या यंत्रणेसाठीं ठरलेल्या पद्धतींत अनेक मोबाईल असेच एकदम एका लहरीवर बोलत. तेथें मनोरा प्रत्येकास अशी खूण सेकंदास १५०० वेळां करी! फोरजींत वेळ व लहरी वांटून दिलेल्या असल्यामुळें इतकी घाई नसते. तरी शेजारच्या मनोऱ्यास व्यत्यय येऊं नये म्हणून जोर आवरावा लागतोच. फोरजीच्या सामान्य मोबाईलची कमाल शक्ति सुमारें २०० मिलिवॅट. मनोऱ्याजवळ तो तिच्या सहस्रांशाहूनही कमी शक्तींत काम भागवूं शकतो.

पालकमंडळींत एक समजूत आढळते, कीं मनोरा जितका दूर तितका लहरींचा त्रास कमी. मनोऱ्याच्या लहरींपुरतें तें ठीक. परंतु कानाशीं धरलेला मोबाईल अशा वेळीं अधिक जोरानें लहरी सोडतो, हें ध्यानांत येत नाहीं. भारत सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दशांशावर आणली, तेव्हां मोबाईललाही मर्यादा घातली: शरीरांत शोषली जाणारी शक्ति किलोग्रॅममागें १.६ वॅटहून अधिक नसावी.

रेघ एकच उरली असेल, तर खिडकीशीं येऊन बोलावें. मुळींच नसेल, तर मनोरा शोधण्यांतच बॅटरी खर्ची पडते. अशा वेळीं मोबाईल विमान-स्थितींत ठेवावा. पावसाळ्यांत वीज गेलेली असतांना ही बचत विशेष उपयोगी पडते.