बॅटरीचे खरे माप

धान्याचे माप वरचेवर तपासून घ्यावे लागते. वापराने ते चेपते आणि त्याचा खरेपणा जातो. बॅटरीच्या मापाचेही असेच आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिच्या जनकांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून सायकलीसाठी किंवा घरच्या दिव्यांसाठी स्वहस्ते बॅटरी बांधणारे हौशी लोक गावोगाव आढळतात. त्यांचा नित्याचा अनुभव असा, की काटा चाळीस टक्के दाखवीत असतानाच सायकल एकाएकी थांबते.

याचे कारण सोपे आहे. बॅटरीवरील बीएमएस ही संरक्षक पट्टी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा जमाखर्च ठेवते. प्रत्येक नोंदीत किंचित चूक होते आणि चुकांची बेरीज वाढत जाते. तेव्हा बॅटरी एकदा पूर्ण भरून, सावकाश उतरवून, तिच्यात खरोखर किती वीज मावते हे मोजावे लागते. काम साधे, परंतु निष्काळजीपणे केल्यास घर जाळणारे आहे.

तेरा सेलगट एकापुढे एक जोडलेल्या, वीस ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचे उदाहरण घेऊ. भरलेल्या गटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ५४.६. गट ३ व्होल्टांवर आला की थांबावयाचे, म्हणजे एकूण ३९. मग एकूण दाबावर नजर ठेवली म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. आणि घात होतो तो येथेच. बारा गट ३.३ व्होल्टांवर असून तेरावा, दुबळा गट १ व्होल्टावर घसरला, तर बेरीज ४०.६ भरते. बेरीज सुखरूप दिसते आणि एक गट मात्र मरणपंथास लागलेला असतो. इतका उतरलेला सेल आतून बिघडतो. त्यातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा भरताना तेच तांबे नको तेथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. आग लागते ती पुष्कळदा उतरविताना नव्हे, तर त्यानंतर भरताना, घरातील माणसे निजलेली असताना. म्हणून नियम एकच: बेरीज पाहू नका, सर्वांत दुबळा गट पाहा. तो ३ व्होल्टांवर आला की काम थांबवा, मग बाकीच्यांत कितीही वीज उरलेली असो.

आता कृती. फुगलेला, चेपलेला किंवा पूर्वी तळाला गेलेला सेल बॅटरीत असेल, तर या वाटेस जाऊच नये. बॅटरी घराबाहेर, मोकळ्या हवेत, फरशीवर ठेवावी. जिन्याखाली किंवा निजण्याच्या खोलीत कदापि नाही. वीज खर्च करण्यास मोटारीचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे दिवे उत्तम. असे चार दिवे एकापुढे एक जोडले की एक माळ होते. अशा दोन माळा समांतर जोडाव्यात. त्यांतून सुमारे साडेतीन ॲम्पिअर प्रवाह जातो. दिव्याची थंड तार क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते, म्हणून माळा एकामागून एक लावाव्यात. दिवे चांगलेच तापतात. ते बॅटरीपासून व कापडापासून दूर असावेत. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. बीएमएस असली तरी ती शेवटची राखणदार समजावी, पहिली नव्हे.

दर अर्ध्या तासाने प्रवाह आणि तेराही गटांचे दाब वहीत टिपावेत. मल्टिमीटरने प्रवाह मोजल्यावर त्याची तांबडी वायर ॲम्पिअरच्या छिद्रात तशीच विसरून दाब मोजू गेल्यास बॅटरी थेट शॉर्ट होते. हा प्रमाद अनुभवी माणसाकडूनही घडतो. मधल्या काळात दाब हळूहळू उतरतो, पण ३.३ व्होल्टांखाली तो कड्यावरून कोसळल्यासारखा येतो. तेव्हा शेवटी दर दोन-तीन मिनिटांनी पाहावे आणि जागा सोडून जाऊ नये. सेल हाताला कढत लागला तर दिवे तत्काळ तोडावेत. फुसफुस ऐकू आली, गोडसर उग्र वास आला किंवा धूर दिसला, तर बॅटरी वाचविण्याच्या नादी न लागता सर्वांनी दूर जावे आणि अग्निशामक दलास बोलवावे. तो धूर विषारी असतो.

सरासरी प्रवाह ३.४ ॲम्पिअर आणि वेळ पाच तास भरला, तर बॅटरीचे खरे माप सतरा ॲम्पिअर-तास, वीस नव्हे. हाच आकडा बीएमएसला द्यावा, किंवा तिच्या सूचनापत्राप्रमाणे बॅटरी पुन्हा पूर्ण भरून तिला तो शिकू द्यावा. रिकामी बॅटरी दिवसेंदिवस पडू देऊ नये. थंड झाली की भरावी, आणि भरतानाही जवळ असावे. हा प्रयोग वारंवार करू नये, कारण प्रत्येक पूर्ण उतार सेलचे आयुष्य थोडे झिजवितो. काट्याची चूक जाणवू लागली, तरच करावा.

श्रोतेहो, वीस लिहिलेल्या बॅटरीत सतराच निघाले म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. सतराचा भरवसा असलेला मनुष्य सायंकाळी वेळेवर घरी पोहोचतो. शिवाय त्या तेरा आकड्यांत दुबळा गट कोणता, हेही त्याला कळलेले असते. आणि तो वेळीच बदलणे, हेच या साऱ्या खटाटोपाचे खरे फळ होय.