कॅसांड्रा बोईसरला आली तर?

बोईसर स्टेशनावर उतरून तारापूरची वाट धरली, की औद्योगिक वसाहतीचा उग्र दर्प आधी नाकाला झोंबतो. इथे ग्रीक नाटकांची आठवण कशी व्हावी, असे वाचक विचारतील. पण हा मुलूख ग्रीकांना परका नव्हता. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या सोपारा बंदराचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे.

गलबते आली, कथा मात्र फार उशिरा आल्या. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी मुंबईत कंबाला हिलवरच्या गच्चीत 'मेडीया' रंगवली. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीजचा ईडिपस 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणला. चित्रकारांत नाव घ्यावे ते नलिनी मलानी यांचे. जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीत घर सुटले. पुढे शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये झाले.

१९९३ साली त्यांनी मॅक्स म्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्या साथीने मेडीया मांडली. आधाराला संहिता होती जर्मन नाटककार हायनर म्युलर याची, आणि तिच्या नावातच नासवलेला किनारा आहे! जेसनसाठी मेडीयाने माहेर सोडले, देश सोडला. काम साधताच त्याने दुसरी राजकन्या पाहिली. भूमी वापरून टाकणाऱ्यांची रीत याहून वेगळी ती काय?

२०१२ साली जर्मनीत कासेल येथे त्यांनी पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगवून ती फिरती ठेवली. भिंतींवर सावल्या धावू लागल्या. त्यांत ट्रॉयची कॅसांड्रा होती, तशीच महाश्वेता देवींची आदिवासी द्रौपदीही होती. कॅसांड्राला भविष्य दिसे, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असा अपोलोचा शाप होता.

आता बोईसरकडे वळू. कारखान्यांच्या सांडपाण्याने दर्या नासतो आहे, हे या किनाऱ्यावरचे मांगेला मच्छीमार सांगत होते. अखेर त्यांच्या समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले, आणि २०२२ साली लवादाने भरपाईचा हुकूम दिला.

कॅसांड्राच्या पाठीस देवाचा शाप होता, म्हणून ट्रॉयवाल्यांना निदान सबब तरी आहे. आपल्याला तीही नाही. मासळीची टोपली घेऊन बसलेली बाई पाण्याबद्दल काही सांगू लागली, तर भाव करण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.