कुत्र्यांची म्होरकी आणि हार्नेस

फिरायला नेताना कुत्र्याने दोरी ओढू नये, यासाठी गळपट्ट्याऐवजी किंवा त्याच्या जोडीने वापरली जाणारी म्होरकी आणि हार्नेस ही दोन साधने होत. म्होरकी कुत्र्याच्या तोंडावर आणि कानांमागे बसते व दोरी हनुवटीखाली जोडली जाते. हार्नेस छाती आणि खांद्यांभोवती बसतो. त्याची कडी पाठीवर किंवा छातीवर असते. दोन्ही साधनांमुळे दोरीचा ताण गळ्यावरून हटतो, मात्र तो जिथे जातो ती जागा वेगळी असल्याने परिणामही वेगळा होतो. बाजारात म्होरकी ‘हेडकॉलर’ किंवा ‘हेड हॉल्टर’ या नावांनी मिळते. हार्नेसला काही दुकानदार ‘बॉडी बेल्ट’ म्हणतात.

== शब्द आणि शेतातील साम्य ==

म्होरकी हा शब्द मराठीला नवा नाही. बैलाच्या तोंडावर बांधायच्या दोरीच्या साजाला म्होरकी म्हणतात. बोलीत ‘म्होरं’ म्हणजे पुढे. टोळीचा म्होरक्या हाही त्याच कुळातला शब्द. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या चिखली-मेहकरकडे असो की घाटाखालच्या खामगाव-मलकापूरकडे, पोळ्याच्या आधी बाजारात नव्या म्होरक्या, वेसणी, कासरे आणि घुंगुरमाळा टांगलेल्या दिसतात. वऱ्हाडी बोलीत वेसणीला येसण म्हणतात. कुत्र्याच्या या साधनासाठी निराळा पारिभाषिक शब्द घडवण्यापेक्षा हा जुना शब्दच अधिक नेमका आहे. कारण दोन्हींचे काम एकच, डोके वळवून जनावर वळवणे.

शेतकऱ्याच्या घरी बैलासाठी तीन कामांची तीन निराळी साधने असतात. गोठ्यात बांधून ठेवायला गळ्यातले दावे, ओढायला खांद्यावरचे जू आणि वळवायला म्होरकी किंवा वेसण. दाव्याने कोणी औत हाकत नाही आणि म्होरकीला कोणी गाडी जुंपत नाही. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत मात्र एकाच गळपट्ट्याकडून तिन्ही कामांची अपेक्षा केली जाते. गळपट्टा मुळात दाव्याच्या जातीचा आहे. ओळखीचा बिल्ला अडकवायला आणि काही वेळ एका जागी थांबवायला तो ठीक. ओढणाऱ्या कुत्र्याला चालवायला तो अपुरा पडतो.

== कुत्रा का ओढतो ==

माणसाचे चालणे कुत्र्याच्या मानाने फार संथ असते. मोकळा कुत्रा दुडक्या चालीने पुढे जातो, थांबून वास घेतो, पुन्हा पळतो. दोरीला बांधल्यावर ही लय मोडते. शिवाय अंगावर एका बाजूने दाब आला की तोल सावरण्यासाठी शरीर त्याच्या विरुद्ध दिशेला झुकते. म्हणून मालक मागे ओढतो तसा कुत्रा पुढे रेटतो. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ओढण्याला मिळणारे फळ. कुत्रा ओढतो आणि मालक त्याच्या मागे दोन पावले जातो. खांबापर्यंत पोहोचायचे होते, ओढल्याने पोहोचता आले, हा धडा रोज सकाळ-संध्याकाळ पक्का होत जातो. असा कुत्रा हट्टी किंवा वरचढ होऊ पाहणारा ठरवला जातो. वास्तविक तो शिकवलेलेच करत असतो.

== गळ्यावरचा ताण ==

कुत्र्याच्या गळ्यात कातडीच्या थोड्या आतच श्वासनलिका, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि थायरॉइड ग्रंथी असतात. ओढणारा कुत्रा खोकतो किंवा घरघरतो तेव्हा पट्टा श्वासनलिकेवर दाबला जात असतो. पॉमेरेनियन, पग, चिवावा अशा लहान जातींमध्ये श्वासनलिकेची कूर्चेची कडी सैल पडून नळी चपटी होण्याचा विकार आढळतो. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या पॉमेरेनियनला गळपट्ट्याने ओढणे त्यामुळे विशेष धोक्याचे आहे.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. गळपट्ट्याविरुद्ध ओढताना तो लक्षणीय वाढला, हार्नेसविरुद्ध ओढताना वाढला नाही. काचबिंदू किंवा डोळ्याचा अन्य विकार असलेल्या कुत्र्याला हार्नेस वापरावा असे पशुवैद्य सांगतात, ते यामुळेच. २०२० मधील एका ब्रिटिश अभ्यासात कुत्र्याच्या मानेच्या कृत्रिम प्रतिकृतीवर निरनिराळ्या पट्ट्यांचा दाब मोजला गेला. रुंद आणि मऊ अस्तराचे पट्टेही त्यात पूर्ण निर्धोक ठरले नाहीत. म्हणजे केवळ महागडा पट्टा आणून प्रश्न सुटत नाही.

ओढले की आवळणारी साखळी आणि आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा ही साधने वेदनेवर चालतात. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात काटेरी पट्ट्यांवर बंदी आहे. हिमालयातील मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात दिसणारा काटेरी लोखंडी पट्टा हा निराळा प्रकार. त्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात आणि बिबट्याच्या जबड्यापासून गळा वाचवणे हा त्याचा हेतू असतो.

== म्होरकी ==

घोड्याच्या आणि गुरांच्या म्होरकीवरून कुत्र्यासाठी तसे साधन करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यशस्वी झाले. ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉजर मगफर्ड यांनी ‘हॉल्टी’ ही म्होरकी तयार केली. अमेरिकेत पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि कुत्र्यांच्या प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी ‘जेंटल लीडर’ ही म्होरकी घडवली.

तिचे तत्त्व तरफेचे आहे. कुत्र्याचे बळ छातीत आणि मागच्या पायांत असते, नाकाच्या टोकाशी ते थोडेच असते. कुत्रा पुढे रेटू लागला की हनुवटीखालच्या कडीमुळे त्याचे तोंड बाजूला, मालकाकडे वळते. आणि तोंड वळले की धडाला सरळ पुढे जोर लावता येत नाही. चाळीस किलोचा लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड वयस्क माणसाला फरफटत नेऊ शकतो. अशा वेळी म्होरकीचा उपयोग सर्वाधिक जाणवतो.

म्होरकीला पुष्कळदा मुसके समजले जाते आणि ‘हा चावतो का हो?’ असा प्रश्न रस्त्यात हमखास येतो. कोळपणीच्या वेळी पिकाला तोंड लावू नये म्हणून बैलाला बांधतात ते मुसके तोंड झाकते. म्होरकीत तोंड मोकळे राहते. नीट बसलेल्या म्होरकीत कुत्र्याला पूर्ण जबडा उघडता येतो, पाणी पिता येते, भुंकता येते आणि चावताही येते. जबडा उघडता येणे ही आपल्या हवामानात जिवाची गोष्ट आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत तोंड आवळणारा कोणताही पट्टा उष्माघाताला निमंत्रण ठरू शकतो.

माप घेताना मानेचा पट्टा कानांच्या लगेच मागे, उंच बसवतात आणि त्याखाली एक बोट जाईल इतकी जागा ठेवतात. नाकावरचा पट्टा डोळ्यांना लागू नये आणि सरकून नाकाच्या टोकावरून निसटूही नये. पग, बुलडॉग, बॉक्सर यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना सामान्य म्होरकी बसत नाही.

बहुतेक कुत्र्यांना म्होरकी सुरुवातीला आवडत नाही. ती पंजाने काढण्याचा प्रयत्न करतात, तोंड जमिनीवर घासतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात म्होरकी आणि गळपट्टा यांची तुलना करण्यात आली. म्होरकी घातलेली कुत्री नाकाला पंजे अधिक मारत होती, परंतु रक्तदाब, नाडीचे ठोके अशा शारीरिक मोजमापांत दोन्हींत फरक आढळला नाही. यावरून कुत्र्याला काहीच वाटत नाही असा अर्थ काढणे योग्य नव्हे. वेसण टोचलेला खोंडही काही दिवसांनी मुकाट चालतो.

म्हणून सवय लावण्याचे काम सावकाश करावे लागते. पहिल्या दिवशी म्होरकी फक्त दाखवायची आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या मांसाचा लहानसा तुकडा द्यायचा. मग नाकाच्या वेढ्यातून हात घालून पलीकडून तुकडा धरायचा, म्हणजे कुत्रा आपण होऊन तोंड आत घालतो. काही क्षण घालून काढायची, पुढे घरात घालून चार पावले चालायचे, आणि दोरी सर्वांत शेवटी जोडायची. यात काही दिवस जातात, भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत काही आठवडेही. घाईने चढवून थेट रस्त्यावर नेलेला कुत्रा म्होरकी दिसताच खाटेखाली लपू लागतो.

म्होरकीला हिसका देणे वर्ज्य आहे. तरफेचा जो फायदा, तोच इथे धोका होतो. जोरात पळणाऱ्या कुत्र्याचे डोके एकाएकी वळले तर मान दुखावू शकते. त्यामुळे म्होरकीसोबत लांब किंवा ताणणारी दोरी लावत नाहीत आणि म्होरकीने कुत्र्याला बांधूनही ठेवत नाहीत. म्होरकी निसटली तरी कुत्रा हातचा जाऊ नये, यासाठी ती एका आखूड पट्टीने गळपट्ट्यालाही जोडतात. पावसाळ्यात ओला पट्टा नाकावरची कातडी सोलतो, हे रोज पाहावे लागते.

== हार्नेस ==

हार्नेसने गळा सुरक्षित राहतो. पण ओढणे थांबेलच असे नाही, उलट वाढू शकते. पाठीवर कडी असलेला हार्नेस म्हणजे कुत्र्याच्या अंगावरचे जूच. त्यात ताण छातीच्या रुंद हाडांवर पसरतो आणि कुत्र्याला न दुखता पूर्ण बळ लावता येते. बर्फावरील घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो याच कारणाने. १९११ साली दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेल्या रोआल अमुंडसेन यांच्या तुकडीच्या गाड्या अशाच जुंपलेल्या कुत्र्यांनी ओढल्या होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात निवारागृहातील ५२ कुत्र्यांची ओढ मोजण्यात आली. पाठीच्या कडीच्या हार्नेसमध्ये ती गळपट्ट्यापेक्षा अधिक जोराची भरली. दुकानातून हार्नेस आणला आणि कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त ओढू लागला, ही तक्रार त्यामुळे खोटी नसते.

ओढणे कमी करण्यासाठीच्या हार्नेसची कडी छातीवर, पुढच्या बाजूला असते. कुत्रा पुढे रेटला की दोरी त्याच्या खांद्याला बाजूला वळवते. परिणाम म्होरकीहून सौम्य असतो, पण कुत्रा तो लवकर स्वीकारतो आणि आखूड नाकाच्या जातींनाही तो चालतो. काखेत आवळून दुखवणारे काही हार्नेस ‘ओढ थांबवणारे’ म्हणून विकले जातात; ते टाळावेत.

छातीवर आडवी पट्टी असलेला हार्नेस खांद्याची हालचाल रोखतो आणि वाय आकाराचा रोखत नाही, असा समज आहे. २०१८ च्या एका अभ्यासात नऊ कुत्र्यांवर दोन्ही प्रकार तपासले असता दोन्हींत खांद्याचे पुढे ताणले जाणे कमी झाले, आणि वाय आकाराच्या प्रकारात ते अधिक कमी झाले. नऊ ही संख्या लहान आहे, तेव्हा कोणत्याही बाजूने छातीठोक बोलण्याजोगा हा पुरावा नाही. पट्ट्यांखाली दोन बोटे जावीत आणि काखेत घासू नये, एवढे पाहणे पुरेसे.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या कारवान शिकारी कुत्र्याचे डोके अरुंद असते, त्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकून डोक्यावरून सहज निघतो. अशा कुत्र्याला मापाचा हार्नेस अधिक भरवशाचा.

== लहान गावांतील अडचण ==

या साधनांवरील बहुतेक लेखन परदेशी रस्ते डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. बुलढाणा, मेहकर किंवा शेगावच्या रस्त्यावर बांधलेला कुत्रा निघाला की गल्लीतील मोकाट कुत्री धावून येतात. त्या वेळी म्होरकी घातलेल्या कुत्र्याचे तोंड मालकाच्या हातात अडकलेले असते. त्याला मान फिरवून समोरच्याचा अंदाज घेता येत नाही आणि भीतीने तो अधिकच उसळतो. अशा वस्तीत छातीच्या कडीचा हार्नेस बरा. ताण आलाच तर तो छातीवर येतो आणि पाठीच्या पट्टीला धरून कुत्र्याला चटकन जवळ घेता येते.

== कायदा ==

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार प्राण्याला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात मालकाने हयगय करणे हाही त्याच कलमाखालील गुन्हा आहे. त्याच कलमात, विहित पद्धतीने गुरांना वेसण घालणे मात्र गुन्ह्यातून वगळले आहे. ओढाळ कुत्र्याला फिरवणे जड जाते म्हणून त्याला दिवसभर गच्चीवर किंवा फाटकाशी बांधून ठेवणारी अनेक घरे या तरतुदीच्या कक्षेत येतात, याची त्यांना क्वचितच जाणीव असते.

== साधन आणि शिकवण ==

म्होरकी काढली की बहुतेक कुत्री पुन्हा ओढू लागतात, कारण साधन ओढणे अवघड करते, ओढू नये हे शिकवत नाही. ते शिकवण्याची रीत साधी पण चिकाटीची आहे. दोरी ताणली गेली की मालकाने झाडासारखे उभे राहायचे. सैल झाली की चालायचे. कुत्रा पायाशी आला की तुकडा द्यायचा. पहिल्या आठवड्यात फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटे लागतात. घरातील एकाने हा नियम पाळला आणि दुसरा ओढत्या कुत्र्यामागे धावला, तर कुत्रा दुसऱ्याचाच धडा लक्षात ठेवतो. फेरफटक्यात वास घेण्यासाठी मुद्दाम सैल वेळ ठेवली तर ओढ बरीच कमी होते. कुत्रा एकाएकी ओढू लागला, चालताना अडखळू लागला किंवा पट्टा घालताना गुरगुरू लागला, तर साधन बदलण्याआधी मान, खांदा आणि कान पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत.