लढाई अमेरिकेत, भाव खामगावात

जलंब ते खामगाव हा लोहमार्ग जेमतेम आठ मैलांचा. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गापासून एक फाटा दक्षिणेला वळतो, खामगावात येतो आणि तिथेच संपतो. एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला 1870 च्या मार्चमध्ये खुद्द हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. खामगावात ना कुठल्या राजाचा दरबार, ना गंगा-गोदेसारखं तीर्थ. मग व्हाइसरॉयने इथवर येण्याची तसदी का घेतली?

कारण होतं कापूस. आणि त्या कापसाला एवढी किंमत का आली हे समजून घ्यायचं, तर खामगाव सोडून थेट अमेरिकेत जावं लागतं.

खामगावचा बाजार तसा जुना. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकानं थाटली आणि तूप, सूत नि कापूस यांची देवघेव सुरू झाली. 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हापासून इंग्रज अधिकारी इथल्या काळ्या जमिनीकडे डोळे लावून होते. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचं, बुलढाण्यात ते 1905 मध्ये आलं.) पण डोळे लावून बसणं वेगळं आणि पैसा लावणं वेगळं. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला वऱ्हाडचा कापूस नकोच होता. आखूड धाग्याचा, कचरा फार, वर बंडीतून घाट उतरून मुंबईला पोचेपर्यंत धुळीने भरलेला. त्याला हवा असलेला लांब धाग्याचा स्वच्छ कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत होता, तोही स्वस्त. इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी पाऊण हिश्श्याहून अधिक माल अमेरिकेचाच असे.

तो स्वस्त का होता, हे सांगितल्याशिवाय अमेरिकेचा इतिहास पुढे सरकत नाही. 1793 मध्ये एली व्हिटनी नावाच्या तरुणाने रुईतून सरकी वेगळी काढणारं यंत्र बनवलं. तिकडच्या जातीच्या सरकीला रुई अशी चिकटून बसे की एका माणसाला दिवसभरात हाताने पौंडभर रुई काढणं जिकिरीचं होई. व्हिटनीच्या जिनवर पन्नास पौंड निघू लागली. माणसाचे कष्ट वाचतील असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. सरकी काढायचा अडसर गेला म्हणून पेरा वाढला, पेरा वाढला म्हणून निंदायला नि वेचायला माणसं लागली, आणि ती माणसं विकत घेतलेली होती. 1790 मध्ये अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते. 1860 मध्ये चाळीस लाखांच्या घरात. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. साऊथ कॅरोलिनाचा सिनेटर जेम्स हॅमंड याने 1858 मध्ये सिनेटमध्ये बजावलं की कापूस राजा आहे, त्याच्याशी लढाई करायची जगात कुणाची छाती नाही.

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत लढाई पेटली. त्या यादवीविषयी अमेरिकेत आजही एकमत नाही. सेनापतींचे पुतळे ठेवायचे की उतरवायचे यावरून भांडणं होतात. आपण तिऱ्हाईत. तिऱ्हाइताने कुणाची वकिली करू नये, पण कागदपत्रं मात्र वाचावीत. दक्षिणेची बाजू मांडणारे म्हणतात, लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती. फुटून निघताना मिसिसिपी राज्याने जो जाहीरनामा काढला, त्यात मात्र गुलामीच्या रक्षणाची गोष्ट अगदी सुरुवातीलाच, काही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. दुसरीकडे, लिंकन पहिल्या दिवसापासून गुलामांच्या मुक्तीसाठी लढत होता, ही शाळेत ऐकलेली गोष्टही पुरी खरी नाही. 1862 च्या ऑगस्टमध्ये त्याने एका संपादकाला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं होतं की आपलं पहिलं काम संघराज्य टिकवणं हे आहे. त्यासाठी गुलामांना सोडावं लागलं तर सोडू, न सोडता भागलं तर तसं करू. मुक्तीचा मसुदा तेव्हा त्याच्या टेबलाच्या खणात तयार होता, हेही तितकंच खरं. 1 जानेवारी 1863 ला तो लागू झाला, तोही फक्त बंडखोर मुलखापुरता.

दोन्हीकडचे मुख्य पुढारी एकाच मातीतले होते, ही गंमत आपल्याकडे फारशी माहीत नसते. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि उत्तरेचा अब्राहम लिंकन, दोघांचा जन्म केंटकी राज्यातला, आठ महिन्यांच्या अंतराने. रॉबर्ट ली याच्यापुढे उत्तरेच्या फौजेचं सेनापतिपद आलं होतं. आपल्या व्हर्जिनियाविरुद्ध हत्यार उचलणार नाही म्हणून तो दक्षिणेला मिळाला. आणि फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून 1838 मध्ये पळून आलेला हा माणूस लिंकनच्या तोंडावर त्याची चूक दाखवण्याइतका निर्भीड होता. काळ्या शिपायांना फौजेत घ्या, गोऱ्यांइतका पगार द्या, यासाठी त्याने रान उठवलं. लढाई संपेपर्यंत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे शिपाई उत्तरेकडून लढले होते. माझ्या मते या चौघांत सर्वांत मनस्वी चरित्र डग्लसचं, आणि मराठी वाचकाला सर्वांत कमी ठाऊक असलेलंही त्याचंच.

दक्षिणेचा हिशेब साधा होता. कापूस अडवला की इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील, उपासमार होईल आणि इंग्लंड झक मारत आपल्या मदतीला येईल. म्हणून त्यांनी पहिल्या वर्षी माल आपणहून रोखून धरला. लिंकनने बंदरांची नाकेबंदी केली ती वेगळीच. पण आधीच्या वर्षांचं पीक इतकं उदंड झालं होतं की लिव्हरपूलची गोदामं तुडुंब होती. टंचाईचा खरा चटका बसायला 1862 उजाडलं. तेव्हा लँकेशायरमध्ये लाखो कामगार घरी बसले. तरी 1862 च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. त्याने जानेवारीत मोठ्या कृतज्ञतेने उत्तर दिलं. सगळंच इंग्लंड असं उदार नव्हतं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा ओढा उघड उघड दक्षिणेकडे होता.

आता वऱ्हाडचा कापूस सगळ्यांना आठवला. 1860 मध्ये इंग्लंडच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा सहावा हिस्साही नव्हता. 1862 मध्ये तो पाऊण झाला. अमेरिकन कापूस लढाईआधी पौंडाला सहा-सात पेन्सने मिळायचा, 1864 मध्ये त्याची सरासरी सत्तावीस पेन्सवर गेली, आणि त्याच्या मागोमाग आपल्या मालाचा भावही चढला. लँकेशायरचे कामगार मात्र आपल्या कापसावर वैतागले होते. तिकडे हिंदी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो मागावर सारखा तुटे, मजुरी बुडे. देवा कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना प्रार्थनामंदिरात कुणीतरी केल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. त्यांचं चुकतही नव्हतं. भाव चढला तशी गठाणीत सरकी, खडे, पाणी यांची भर पडू लागली. ती इतकी की मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हा त्या पुराचा राजा. बँका, कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना यांचे शेअर हातोहात खपू लागले. वऱ्हाडात पैसा किती आला? चांदीच्या फाळाचे नांगर आणि गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा, असल्या कथा मध्य प्रांताबद्दलच्या तेव्हाच्या इंग्रजी लिखाणात सापडतात. आपल्या बरड रस्त्यावर चांदीची धाव किती दिवस टिकली असती, हे बंडी हाकणाऱ्याला विचारावं. कास्तकाराच्या हाती चार पैसे आले, यात शंका नाही. पण कापूस वाढला तशी ज्वारीही महागली, आणि मधल्या अडत्याने नि सावकाराने आपला हात आधी धुऊन घेतला. शिवाय मुंबईपर्यंत माल नेणं हे एक दिव्यच होतं. कसाऱ्याच्या वरचा थळ घाट रेल्वेने ओलांडला तो 1865 च्या सुरुवातीला. म्हणजे रूळ आले तेव्हा लढाई संपायला आली होती.

9 एप्रिल 1865 ला लीने शरणागती पत्करली. पाचच दिवसांनी नाटक पाहताना लिंकनवर गोळी झाडली गेली. लढाईत गेलेल्या शिपायांचा आकडा सहा लाखांच्या वर धरतात. शांततेची बातमी मुंबईत पोचली आणि बाजार कोसळला. वायदे पुरे करण्याचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी भल्याभल्यांचं दिवाळं निघालं, प्रेमचंदचंही. आदल्याच वर्षी त्याने मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, म्हणून निदान त्या पैशाची एक खूण तरी शिल्लक आहे.

भाव उतरला तरी इंग्रज वऱ्हाड सोडणार नव्हते. एका देशावर विसंबलो की काय होतं, हे ते शिकले होते. कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कर्नाक. त्याचा विचार सरळ होता: वऱ्हाडातून कापूस जावा, बदल्यात मँचेस्टरचं कापड यावं, आणि घरोघरी सूत काढणारे हात शेतात लागावेत. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी खामगावला ती आठ मैलांची रेल्वे आली. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ होती, आणि मुख्य मार्ग तिला बगल देऊन गेला होता. ही चूक सुधारण्याच्या कामासाठी व्हाइसरॉय आला.

त्याच सुमारास, 25 फेब्रुवारी 1870 रोजी, वॉशिंग्टनमध्ये हायरम रेव्हेल्स याने सिनेटर म्हणून शपथ घेतली. सिनेटमधला हा पहिला काळा माणूस मिसिसिपीचा प्रतिनिधी होता. म्हणजे जेफरसन डेव्हिसच्या राज्याचा. काळे लोक मतं देत होते, निवडून येत होते. पुण्यात जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल अर्पण केली. जोतीराव तरुणपणी थॉमस पेन वाचत मोठे झाले, आणि हाच पेन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा सर्वांत धारदार लेखक होता. एकाच लढाईतून वऱ्हाडात भाव आला आणि पुण्यात हे पुस्तक. अमेरिकेचा इतिहास मराठी मुलखाशी असा दोन वाटांनी जोडलेला आहे, आणि दुसरी वाट मला जास्त टिकाऊ वाटते.

जोतीरावांचा काळ मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. त्यांनी ती अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा अमेरिकेतलं आशेचं दशक सुरू होतं. 1877 मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या फौजा मागे घेतल्या आणि काळ्यांचे हक्क एकेक करून काढून घेतले गेले. मुक्त झालेल्या गुलामाला जमीन मिळालीच नाही. तो जुन्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबू लागला. बी, धान्य, कापड दुकानदाराकडून उधार. तारण म्हणून पुढच्या हंगामाचा कापूस. हंगाम आला की हिशेबात तोच कर्जदार. वऱ्हाडातल्या कास्तकाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच दशकांत इकडे खातेदारीची नवी पद्धत आली, जमीन विकता-गहाण टाकता येऊ लागली, आणि सावकाराला तारण मिळालं. ज्वारीच्या जागी कापसाची पऱ्हाटी वाढत गेली, म्हणून 1899-1900 च्या दुष्काळात विकत धान्य घेणाऱ्यांचे हाल अधिक झाले. मिसिसिपीचा वाटेकरी आणि वऱ्हाडचा कुणबी एकाच लिव्हरपूलच्या भावाला बांधलेले होते, फक्त एकमेकांना ओळखत नव्हते.

भावासारखं यंत्रही अमेरिकेतूनच आलं. व्हिटनीचं करवती जिन आपल्याकडेही आणून पाहिलं होतं; आपला आखूड धागा त्यात फाटून जाई. इथे चाललं ते दुसऱ्या अमेरिकनाचं यंत्र. फोन्स मॅकार्थी याने 1840 मध्ये पेटंट घेतलेलं रोलर जिन. कातडी रोलर रुईला हळू ओढतो, पाती सरकी मागे ढकलते, धागा शाबूत राहतो. आज आपल्या जिनांमध्ये खडखडणारी डबल रोलर यंत्रं त्याच घराण्यातली.

बियाण्याचं तर विचारूच नका. सीतादहीची पूजा करून, दहीभात शिंपून ज्या पऱ्हाटीची वेचणी सुरू होते, ती आता बहुतेक अमेरिकन जातीची आहे. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणात जो जनुक आला, तो आधी कोकर 312 या वाणात बसवला होता. हा कोकर साऊथ कॅरोलिनाचा, म्हणजे सिनेटर हॅमंडच्या राज्यातला. यार्डात गाडी लागली की व्यापारी चिमूटभर कापूस उचलतो, सरकी नखाने सोलतो, दोन अंगठ्यांत रुई धरून सावकाश ओढतो आणि धागा मनातल्या मनात मोजून भाव बोलतो. तो जो लांब धागा शोधतो, त्याच्यासाठीच मँचेस्टर दीडशे वर्षांपूर्वी हट्ट धरून बसलं होतं.

न्यूयॉर्कचं कॉटन एक्स्चेंजही 1870 मध्येच सुरू झालं. आज तिथला वायदा आयसीई या बाजारात चालतो आणि जिनवाल्याच्या मोबाइलवर सकाळी दिसतो, पौंडाला इतके सेंट. त्याला तो भाव खंडीत हवा असतो, कारण आपल्याकडे रुईचा सौदा अजून खंडीत होतो, आणि एक खंडी म्हणजे 784 पौंड, जवळपास 356 किलो. सेंटला 784 ने गुणायचं, शंभराने भागून डॉलर काढायचे, डॉलरचा दर लावायचा, मग जिनिंग-प्रेसिंगचा नि गाडीभाड्याचा खर्च वजा करून सरकीचे पैसे मिळवायचे. उरतं त्यावरून त्या दिवशी खामगावच्या यार्डात कापसाला क्विंटलमागे किती बोलायचं ते ठरतं.