अंकुर थांबून थांबून का वाढला?

वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत बीजांकुरणाचा पाठ पाहायला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. विज्ञानाच्या बाईंनी भिजवलेल्या हरभऱ्यासमोर आपला मोबाइल उभा करून चार दिवसांची वाढ टिपली होती आणि तिची पाच मिनिटांची चित्रफीत बनवली होती. शाळेच्या लॅपटॉपवर ती सुरू झाली. बाईंचे निवेदन अगदी सुरळीत ऐकू येत होते, पण चित्र मात्र अडखळत होते. दाणा क्षणभर स्तब्ध राही आणि मग मूळ एकदम उडी मारून पुढे येई. एका मुलीने हात वर केला, "बाई, अंकुर थांबून थांबून वाढतो का?"

मुलीने जे पाहिले तेच विचारले होते. तिचे निरीक्षण बरोबर होते, पण यंत्राने तिला चुकीचे दृश्य दाखवले होते. जे दाखवण्यासाठी चित्रफीत केली, नेमके तेच तिच्यातून हरवले होते.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. लॅपटॉप 2013 सालचा, तेव्हा लोकवर्गणी काढून नवा घ्यावा असे बहुतेकांचे मत पडले. आम्ही सुचवले, आधी नेमके काय अडते ते शोधू या.

चलच्चित्र म्हणजे काय?

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कॅमेरा एका जागी ठेवून ते दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेत गेले. ती चित्रे एकामागून एक वेगाने दाखवल्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. पुढच्याच वर्षी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. आपल्या बाईंनी केले ते याच जातीचे काम.

आजचा मोबाइल बहुधा सेकंदाला 30 चित्रे या गतीची चित्रफीत तयार करतो. म्हणजे दाखवताना प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे 33 मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात पुढचे चित्र तयार झालेच पाहिजे.

आता थोडे गणित करू. 'फुल एचडी' चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 3 बाइट धरले तर एका चित्राला 62,20,800 बाइट लागतात आणि एका सेकंदाला 18,66,24,000. या हिशेबाने 470 कोटी बाइटची डीव्हीडी 25 सेकंदांत भरून जाईल! बाईंची पाच मिनिटांची फाइल मात्र सुमारे साडेबावीस कोटी बाइटची होती. मूळ माहितीच्या जवळजवळ अडीचशेपट लहान. हे कसे साधते?

हजेरीचे उदाहरण घेऊ. वर्गात 40 मुले आहेत. रोज चाळीस नावे कळवण्याऐवजी आपण एकदाच पूर्ण यादी दिली आणि नंतर फक्त 'कालच्यापेक्षा काय बदलले' एवढेच कळवले, तर काम किती कमी होते! चित्रफितीतही अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतात आणि मधल्या चित्रांसाठी मुख्यतः बदल साठवतात. पण आजची हजेरी कळायला कालची ठाऊक हवी. तसेच इथेही प्रत्येक चित्र आधीच्या (काही वेळा नंतरच्याही) चित्रांवरून पुन्हा रचावे लागते. फाइल लहान होते, पण दाखवणाऱ्या यंत्राचे काम वाढते.

चित्र रचायला 33 ऐवजी 60 मिलिसेकंद लागले तर? कान आवाजातला खंड चटकन ओळखतात. म्हणून चित्रफीत दाखवणारा प्रोग्रॅम आवाज चालू ठेवतो आणि उशिरा आलेली चित्रे गाळून टाकतो. अंकुराची उडी म्हणजे ही गाळलेली चित्रे.

यातूनच एक उपयोगी खूण मिळते. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबत असतील, तर माहितीच वेळेवर पोचत नसावी. इंटरनेटवरून थेट पाहताना बहुधा हेच होते. आवाज चालू आणि चित्र अडखळते, तर संशय चित्र रचण्याच्या कामावर घ्यावा.

एका वेळी एकच बदल

पहिला संशय पेनड्राइव्हवर होता. फाइलच्या आकाराला 300 सेकंदांनी भागले तर सेकंदाला साडेसात लाख बाइट येतात. साधा पेनड्राइव्हही याच्या कित्येक पट वेगाने माहिती देतो. तरी खात्रीसाठी फाइल लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवून पाहिली. काहीच फरक पडला नाही.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडला. चित्रफीत चालू असताना प्रोसेसर 100 टक्के गुंतलेला होता. त्याच आकाराची एक जुनी चित्रफीत लावली, तर ती झकास चालली आणि प्रोसेसर बराचसा मोकळा राहिला. ठिपके तेवढेच, लॅपटॉपही तोच, मग फरक कशाचा?

'व्हीएलसी' या मोफत प्रोग्रॅममध्ये 'टूल्स'खाली 'कोडेक इन्फर्मेशन' पाहिल्यावर उलगडा झाला. जुनी फाइल 'एच.264' या 2003 सालच्या पद्धतीने आकसलेली होती, तर मोबाइलची फाइल 'एच.265' या 2013 सालच्या पद्धतीने. नवी पद्धत तेवढ्याच दर्जाचे चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवते, पण ते उलगडायला जास्त आकडेमोड लागते. जुन्या पद्धतीचे चित्र रचण्यासाठी या लॅपटॉपमध्ये खास मंडल होते. नव्या पद्धतीसाठी अशी मंडले लॅपटॉपमध्ये साधारण 2015 पासून येऊ लागली. त्यामुळे सगळा भार एकट्या प्रोसेसरवर पडत होता.

इलाज सोपा होता. 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्रॅमने फाइल 'एच.264' पद्धतीत बदलली आणि चित्राचा आकार 1280 × 720 केला. ठिपके 9,21,600 झाले, म्हणजे काम सव्वादोनपट घटले. चित्राचे नुकसान झाले का? शाळेचा प्रोजेक्टर 1024 × 768 चा, म्हणजे जेमतेम 7,86,432 ठिपक्यांचा. वीस लाख ठिपके त्याला दाखवताच येत नव्हते!

उन्हाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र लागोपाठ तीन चित्रफिती लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी चित्र पुन्हा अडखळू लागले. पंख्याचा आवाज वाढला होता. लॅपटॉप जाड टेबलक्लॉथवर होता आणि वीज गेल्याने बॅटरीवर चालत होता.

प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. विजेची बचत करण्याच्या 'पॉवर सेव्हर' स्थितीतही गती कमी होते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात खोलीतली हवाच इतकी गरम असते की यंत्रातली उष्णता बाहेर पडणे अवघड होते. वीज आल्यावर चार्जर जोडला, थोडाच फरक पडला. मग कापड काढून लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, तो बंद करून झरोक्यांतली धूळ कोरड्या ब्रशने झाडली. त्यानंतर तिन्ही चित्रफिती विनाअडथळा चालल्या. नव्या लॅपटॉपचा विषय मागे पडला.

प्रत्येक वेळी एवढ्यावर भागेलच असे नाही. लॅपटॉप फारच जुना असेल तर 720 ओळींचे चित्रही त्याला झेपणार नाही. पण खर्चाआधी या चाचण्या करून पाहायला तासभर पुरतो.

वर्गात करून पाहा

छोट्या वहीच्या 30 पानांच्या कोपऱ्यात वाढत्या अंकुराची चित्रे काढायला सांगा. पाने भरभर सोडली की अंकुर वाढताना दिसतो. आता 11 ते 15 ही पाने क्लिपने एकत्र अडकवून पुन्हा सोडा. अंकुर नेमका कुठे उडी मारतो ते मुलांनाच शोधू द्या.

त्या मुलीला बाईंनी चित्रफीत पुन्हा दाखवली, शिवाय भिजवलेले हरभरेही घरी दिले. दर दोन तासांनी मुळाची लांबी मोजून तिने आलेख काढला. रात्रीच्या जागा रिकाम्या होत्या. त्या बघून ती म्हणाली, "बाई, इथे माझीच चित्रे गळलीत!"